पहिली कविता कुठे पाठवू?

वाचकांचे प्रश्न

नव्या कवींनी छापण्याविषयीचे प्रश्न पाठवावेत, असे मागच्या अंकात लिहिले होते. ठाणे आणि नवी मुंबईतून भरपूर पत्रे आली. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत, फक्त गाव दिले आहे.

ताई, नमस्कार. मी आयटीत नोकरी करतो. फोनमध्ये दीडशेच्या आसपास कविता साठल्या आहेत. अजून कुठल्या मासिकाला पाठवल्या नाहीत, पण घरच्यांना, ऑफिसातल्या मित्रांना खूप आवडतात. एक प्रकाशक पंचेचाळीस हजारांत पाचशे प्रतींचा संग्रह काढून द्यायला तयार आहेत. शंभर प्रती मला मिळतील. पैसे बाजूला काढले आहेत. होकार देऊ का? (ऐरोली)

इतक्यात नको. पैसे बँकेत राहू द्या.

तुमच्या कविता आजवर ज्यांनी वाचल्या, ती सगळी तुमच्यावर माया करणारी माणसे आहेत. त्यांची दाद खरी असते, ती जपा. पण ज्याला तुमचे मन राखायचे नाही आणि ज्याच्याकडे पानावर जागा कमी आहे, असा वाचक तुमच्या कवितेला अजून भेटलेलाच नाही. असा वाचक म्हणजे मासिकाचा संपादक. पुस्तकाआधी त्याची गाठ पडायला हवी. पैसे घेऊन पुस्तक काढून देणारा ते काम करत नाही. दीडशेतल्या कुठल्या साठ घ्यायच्या हे तो तुम्हालाच विचारील.

मराठी कविता वाढली ती मासिकांच्या पानांवर. केशवसुत १९०५ साली गेले, तोवर त्यांचा एकही संग्रह निघालेला नव्हता. त्यांच्या कविता लोकांनी वाचल्या त्या जळगावच्या ‘काव्यरत्नावली’त आणि हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’मध्ये. पुढे ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रे लिहून एकेका ओळीवर बोलत. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडले आणि तितका वेळ देणारे संपादक आज कमी उरले आहेत, हेही खरे. तरी आहेत. धुळ्याचे ‘कवितारती’ १९८५ पासून केवळ कवितेला वाहिलेले आहे. ‘अनुष्टुभ’ आहे, ‘साधना’ साप्ताहिक आहे, वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या आहेत आणि दिवाळी अंक तर आहेतच. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळीला कविता छापणे हा आपला रिवाजच झाला आहे. मात्र दिवाळी अंकाला कविता पाठवायची तर पावसाळ्याच्या सुरुवातीला पाठवा. गणपतीपर्यंत बहुतेकांची पाने भरलेली असतात.

पाठवण्याआधी तो अंक वाचा, ही माझी एकच अट. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. ऐरोलीहून लोकलने ठाणे काही लांब नाही. एखादा शनिवार तिथे बसा आणि चार मासिकांचे मागचे अंक चाळा. आपली कविता कुठल्या शेजारात शोभेल, हे कुणी सांगून कळत नाही, ते वाचूनच कळते. आणि जिथे कविता छापून यावी असे वाटते, त्या एका तरी नियतकालिकाची वर्गणी भरा.

मग तीन ते पाच कविता निवडा, जास्त नकोत. युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या डीटीपी फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हे दिसतात, आणि अशी फाइल संपादक बाजूला ठेवतात. वर्ड फाइलसोबत पीडीएफही जोडा, म्हणजे ओळी तुम्ही तोडल्या तिथेच तुटलेल्या दिसतील. गुलाबाच्या चित्रावर सजवलेली कविता पाठवू नका. नाव, पत्ता, फोन आणि दोन ओळींचा परिचय पुरे. ‘या कविता अन्यत्र पाठवलेल्या नाहीत’ असे लिहा आणि ते पाळा. तीन महिन्यांत उत्तर नाही आले तर एकदा नम्रपणे विचारा. तरीही काही कळले नाही, तर कविता परत घेत असल्याचे कळवून दुसरीकडे पाठवा. कुठली कविता कुठे, कधी पाठवली याची वही ठेवा.

पाच-सात कविता अशा छापून आल्या की संग्रहाचा विचार करा. तेव्हाही पदरचे पैसे घालावे लागले, तर त्यात कमीपणा नाही. १९७६ मध्ये मुंबईत अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या इंग्रजीत लिहिणाऱ्या कवींनी मिळून ‘क्लिअरिंग हाऊस’ काढले आणि आपली पुस्तके आपणच छापली. फरक असा, की ते सगळे जाणकार होते आणि एकमेकांच्या कविता पारखून घेणारे होते. तुमच्या व्यवहारात मात्र पाचशे प्रतींचे पैसे तुमचे आणि चारशे प्रती दुसऱ्याच्या ताब्यात. त्या चारशे खरेच छापल्या जातील का, कुठे ठेवल्या जातील, विकल्या गेल्या तर पैसे कुणाचे, याबद्दल तुमच्या पत्रात अवाक्षर नाही, म्हणजे त्यांनीही ते सांगितलेले नसणार. एखाद्या छापखान्यातून स्वतः दरपत्रक मागवून बघा: डेमी आकार, शहाण्णव पाने, म्हणजे सोळा पानांचे सहा फॉर्म, कागदाचे वजन, मुखपृष्ठ, बांधणी, तीनशे प्रती. आकडा समोर आला की पंचेचाळीस हजारांत छपाई किती आणि बाकी काय, हे आपोआप दिसेल.

ताई, चार ठिकाणी कविता पाठवल्या. दोघांनी साभार परत केल्या, दोघांचे उत्तरच नाही. काय कमी पडते ते कुणी सांगत नाही. सोबत एक कविता जोडली आहे. स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही. (घोडबंदर रोड, ठाणे)

तुमची परवानगी आहे म्हणून कविता इथे देते. बाकीच्यांनाही तिचा उपयोग होईल.

*रात्रीच्या गर्भात वेदनेचे मौन*
*काळजाच्या वाटेवर एकटा मी कोण*
*शेवटची कर्जत गेल्यावर*
*जिन्याखालचा चहावाला स्टोव्ह विझवतो*
*आणि उरलेला चहा*
*झोपलेल्या हमालाच्या उशाशी ठेवतो*
*झाकण घालून*
*माणुसकी अजून जिवंत आहे*
*फक्त पाहणारी नजर हवी*

यातल्या मधल्या पाच ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. ‘झाकण घालून’ ही ओळ तुम्ही डोळ्यांनी पाहून आणली आहे, ती घरी बसून सुचत नाही. चहा निवू नये म्हणून, माशी बसू नये म्हणून त्या माणसाने एवढे केले आणि तुम्ही ते टिपले. कविता तिथेच आहे.

पहिल्या दोन ओळी तुमच्या नाहीत. रात्र, गर्भ, वेदना, मौन, काळीज हे शब्द माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या पाकिटात असतात, त्याच क्रमाने असतात. वेदना खोटी असते असे मला म्हणायचे नाही. पण ते शब्द इतक्या हातांतून गेले आहेत की वाचणाऱ्याला त्यातून तुम्ही दिसत नाही. दिवसभर कविता वाचणारा संपादक पहिल्या दोन ओळींवरच पान उलटतो आणि तुमचा चहावाला त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तुमच्या परत आलेल्या कवितांचे असेच झाले असावे.

शेवटच्या दोन ओळी काढायला तुम्हाला जड जाईल, कारण कविता त्यासाठीच लिहिली असे तुम्हाला वाटत असेल. तरी काढा. हमालाच्या उशाशी झाकलेला चहा वाचकाने पाहिला आहे. माणुसकी जिवंत असल्याचे त्याला पुन्हा सांगितले, तर त्याने जे आपल्या मनाने गाठले ते तुम्ही त्याच्या हातून काढून घेता. उरलेल्या पाच ओळी दोन महिने तशाच ठेवा. त्यांच्यापुढे आणखी काही येते का ते बघा. आले नाही, तर पाच ओळींची कविताही कविताच असते. ती मला पुन्हा पाठवा. मनापासून वाट बघते.

साभार परत येण्याविषयी एवढेच, की दर वेळी कारण कवितेतच असते असे नाही. अंक आधीच भरलेला असतो, तशाच विषयाची कविता नुकतीच घेतलेली असते. कारण कळवायला हवे, हे मला मान्य आहे. आमच्याकडून प्रत्येकाला चार शब्द जावेत असा प्रयत्न असतो.

ताई, मी एफवायबीएला आहे. कविता इन्स्टाग्रामवर टाकते. एका पेजने माझी कविता माझं नाव काढून टाकली, तिला हजारो लाइक्स आले. आता ती मासिकाला पाठवली तर चालेल का? आणि कविता चोरीला जाऊ नये म्हणून काय करू? (कळवा)

आधी त्या पेजला लिही. तुझी मूळ पोस्ट, तिची तारीख आणि त्यांची पोस्ट या दोन्हींचे स्क्रीनशॉट काढून ठेव आणि नाव लाव किंवा काढ, असे स्पष्ट सांग. ऐकले नाहीत तर इन्स्टाग्रामकडेच स्वामित्वहक्काची तक्रार करता येते, तिचा फॉर्म तिथेच मिळतो. गप्प बसू नकोस.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. कविता लिहिली त्या क्षणी हक्क तुझा झाला, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी करायचीच तर साहित्यकृतीला पाचशे रुपये शुल्क आहे, पण एकेका सुट्या कवितेसाठी ते करत बसू नकोस. हक्क कवीच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे राहतो. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. याच कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे, हक्क दुसऱ्याला विकले तरी ‘ही कविता माझी आहे’ असे म्हणण्याचा आणि तिची मोडतोड होऊ न देण्याचा तुझा अधिकार जात नाही.

पुष्कळ संपादक समाजमाध्यमांवर आलेली कविता पूर्वप्रसिद्ध धरतात. ती पाठवायचीच असेल तर तसे आधीच लिही. माझा सल्ला असा, की ज्या कवितांवर तुझा जास्त जीव आहे, त्या वहीत ठेव आणि आधी मासिकाला पाठव. छापून आल्यावर इन्स्टाग्रामवर टाकता येतेच. लाइक पडायला क्षण पुरतो. तुझी कविता दोनदा वाचणारे कुणीतरी तुला मिळायला हवे.

ताई, वय अडुसष्ट. परिवहन सेवेतून निवृत्त. चाळीस वर्षांच्या वह्या भरल्या आहेत, सगळे हातचे. संगणक येत नाही, पेन्शन बेताची. आता या वयात कोण छापणार? (कोपरी, ठाणे पूर्व)

काका, नमस्कार. कुठलाही संपादक कविता वाचताना कवीचा जन्मदाखला मागत नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी आणि घरातल्या मंडळींनी उतरवून घेतल्या. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि आचार्य अत्र्यांच्या खटपटीने १९५२ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. ते त्यांच्या डोळ्यांदेखत निघायला हवे होते, असे मला नेहमी वाटते. म्हणून तुम्ही थांबू नका.

चाळीस वर्षांच्या वह्या एकदम टाइप करायला देऊ नका, खर्च फार होईल. आधी स्वतः वाचा आणि वीस कवितांवर खूण करा. बसच्या नोकरीतल्या, डेपोतल्या, पहाटेच्या पहिल्या फेरीच्या कविता असतील तर त्या आधी बघा. ते जग मराठी कवितेत फार थोडे आले आहे आणि तुम्ही ते आतून पाहिले आहे. घरात नातवंडे असतील तर तुम्ही वाचा आणि त्यांना फोनवर मराठीत बोलून टाइप करायला सांगा. फोन ऐकून लिहितो. चुका होतात, त्या तुम्ही बसून दुरुस्त करा. तेही जमले नाही तर सुवाच्य अक्षरात, कागदाच्या एका बाजूला, समास सोडून लिहा आणि झेरॉक्स पाठवा, मूळ वही कधीच नको. आम्ही हाताने लिहिलेल्या कविताही वाचतो. इतर ठिकाणी आधी फोन करून विचारा.

पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्यांचे एकही पुस्तक आलेले नाही त्यांच्यासाठी ती आहे. हस्तलिखित मागवतात, तज्ज्ञांकडून वाचून घेतात आणि निवडलेल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला अनुदान देतात. मंडळ वेळोवेळी आवाहन काढते, त्याची मुदत आणि नियम नीट वाचून मगच पाठवा. तुमच्यासारख्यांनी या वाटेने जावे असे मला फार वाटते, कारण इथे पैशाआधी कविता वाचली जाते.

आणि बुधवारी संध्याकाळी जमेल तेव्हा नौपाड्यात आचार्य अत्रे कट्ट्यावरच्या कार्यक्रमांना येत जा. कोकण मराठी साहित्य परिषदेच्या शाखाही आपल्याकडे आहेत. नुसते ऐकायला गेलात तरी माणसे भेटतील.

एका समूहाने ‘राज्यस्तरीय प्रातिनिधिक काव्यसंग्रहा’साठी निवड झाल्याचे कळवले. पंधराशे रुपये भरले. पुस्तक आले, दोन पानांवर माझ्या कविता, प्रमाणपत्र आणि सन्मानचिन्हही आले. पण भावाने विचारले, निवड कुणी केली? मला सांगता आले नाही. (कोपरखैरणे)

भावाने योग्य तेच विचारले. ज्यांनी पैसे भरले ते सगळे आत आले असतील, तर निवड झालीच नाही. तुम्ही काही चुकीचे केलेले नाही आणि तुमच्या कविता त्यामुळे कमी दर्जाच्या ठरत नाहीत. पुढच्या वेळी पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: संपादक कोण, किती कविता आल्या आणि किती नाकारल्या. उत्तर मिळाले नाही तर ते पंधराशे रुपये चांगल्या मासिकांच्या वर्गणीत घाला. त्या दोन पानांवरच्या कविता मला आवडल्या. दुसरीतला बाजाराच्या पिशवीचा भाग विशेष आवडला.

प्रकाशक आयएसबीएनसाठी वेगळे पाच हजार मागत आहेत. करारात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’ असे आहे. सही करू का? (नेरूळ)

या करारावर करू नका.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आपल्या देशात मोफत मिळतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो देते, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि स्वतःचे पुस्तक स्वतः काढणारा लेखकही तो करू शकतो. अर्ज भरून देण्याच्या कामाचे थोडे पैसे कुणी मागितले तर समजू शकते. क्रमांकाचे पाच हजार कशाचे, ते त्यांना लेखी विचारा.

हक्क देताना लेखी करार लागतो, तोंडी चालत नाही. कुठले हक्क, किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशात, मानधन किती, हे त्यात असायला हवे. मुदत लिहिलीच नाही, तर कायदा ती पाच वर्षे धरतो. ‘कायमस्वरूपी’ खोडून ‘पहिली आवृत्ती, तीन वर्षे’ असे लिहून मागा. अनुवाद, ध्वनिमुद्रण, गाण्यासाठीचा वापर आणि ई-पुस्तक हे हक्क स्वतःकडे ठेवा. उद्या एखाद्या संगीतकाराने तुमच्या कवितेला चाल लावली, तर परवानगी तुमच्याकडे मागायला यायला हवी. प्रकाशक चांगला असेल तर या बदलांना हरकत घेणार नाही.

संग्रह छापून आला, प्रकाशन समारंभही वाशीच्या साहित्य मंदिरात झाला. अडीचशे प्रती घरात आहेत. आता पुढे काय? (वाशी)

अभिनंदन. तुम्ही पाठवलेली प्रत वाचते आहे, ‘खाडी’ विभाग आधी वाचला.

कायद्याचे काम आधी उरका. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. मुंबईतले ग्रंथालय म्हणजे टाउन हॉलमधले. प्रकाशक तुम्हीच असाल तर हे काम तुमचे. तुमची कविता पन्नास वर्षांनी कुणाला शोधायची झाली तर तिथे सापडेल.

मग पुरस्कार. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या काव्यसंग्रहासाठी बहिणाबाई चौधरींच्या नावाचा पुरस्कार आहे. तो वर्षवार असतो, म्हणजे पुस्तकावर छापलेले प्रकाशनवर्ष महत्त्वाचे. प्रवेशिकांची जाहिरात चुकवू नका. वय पस्तिशीच्या आत असेल तर साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही आहे.

परीक्षणासाठी सरसकट पन्नास ठिकाणी प्रती पाठवू नका. ज्यांचे कवितेवरचे लेखन तुम्ही वाचले आहे अशा दहा जणांना पाठवा, सोबत हाताने लिहिलेले पत्र ठेवा आणि परीक्षण लिहाच असा आग्रह धरू नका. ठाणे, कळवा, वाशी, बेलापूर, पनवेल इथल्या सार्वजनिक वाचनालयांना एकेक प्रत स्वतः नेऊन द्या आणि ग्रंथपालांशी बोला. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथांच्या यादीत पुस्तक यावे म्हणूनही प्रत पाठवता येते. यादीत आले की गावोगावची वाचनालये ते घेऊ शकतात.

उरलेल्या प्रती फुकट वाटू नका. नातेवाइकांकडूनही किंमत घ्या, हवी तर सवलत द्या. कवी म्हणून कुठे वाचायला बोलावले तर दहा प्रती पिशवीत असू द्यात. संग्रह आल्यावर एखादे वर्ष लिहिणे थांबते, असे अनेकांचे होते. तुमचे थांबले असेल तर घाबरू नका. आणि थांबले नसेल, तर खाडीवरच्या नव्या कवितांपैकी तीन मला पावसाळ्याआधी पाठवा.